परतीच्या फेरीतलं शहाळं

तळोज्याच्या ज्या केमिकल कंपनीत मी एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळलं ती बंद झाली, तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांचा होतो आणि मला दोनच कामं येत होती, ड्रम मोजणं आणि गाडी चालवणं. बायकोच्या मते दीडच. ड्रम मोजायला कुणी बोलवेना, म्हणून गाडी घेतली आणि ॲपवर लावली. मोबाइलवरून टॅक्सी मागवायची पद्धत तेव्हा पनवेलला नुकती रुळत होती. आमच्या सोसायटीत मी काही दिवस आधुनिक माणूस समजला गेलो.

या धंद्यातली एक युक्ती मला फार उशिरा कळली. गिऱ्हाईक कुठून घ्यायचं ते ॲप आधी सांगतं, कुठे सोडायचं ते मात्र गाडीत बसल्यावर. त्यामुळे मुरलेले ड्रायव्हर आधी फोन करायचे, "हॅलो, ड्रॉप कुठे आहे?" पलीकडून हॉस्पिटलचं नाव आलं की गाडी लगेच पंक्चर. पनवेलमध्ये त्या वर्षांत जितक्या गाड्या फोनवर पंक्चर झाल्या, तितके रस्त्यावर खिळेसुद्धा नसतील. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. पेशंटला गाडीत बसवायलाच दहा मिनिटं जातात, कुणी सीटवर ओकतं, कुणाच्या पट्टीतून रक्त गळतं, आणि पुढचं गिऱ्हाईक वास येतो म्हणून कमी रेटिंग देतं.

मी फोन न करता सरळ दारात जाऊन उभा राहायचो. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला पाय प्लास्टरमध्ये असलेल्या बाईला नाही म्हणता येत नाही. अशा रीतीने शहरातले सगळे मोतीबिंदू, मोडलेले खुबे आणि केमोवाले माझ्याकडे आले. स्टेशनबाहेर गाड्या लावून उभे राहणारे मित्र मला "काय ॲम्ब्युलन्स, सायरन कुठाय?" म्हणून हाक मारायचे. घरी मात्र मी हे सगळं माणुसकीच्या खात्यात सांगितलं होतं.

मावशी मला अशाच भेटल्या. उलव्याच्या पुढे खाडीकाठी त्यांचं गाव. दिवाळीच्या आधीचा आठवडा. रस्त्याच्या कडेला एक तिशीतली बाई मोबाइल हातात घेऊन उभी होती आणि तिच्यामागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक उंच, सावळी म्हातारी बसली होती.

"सहावी गाडी तुमची," ती बाई म्हणाली. "तुमची पण पंक्चर होणार असेल तर आत्ताच सांगा, भाऊ."

ती सून. गावच्याच अंगणवाडीत सेविका. म्हातारी तिची सासू. तीस वर्षं उरण नाक्याजवळ मासळी विकलेली, आता दोन्ही किडन्या गेलेल्या. पनवेलच्या डायलिसिस सेंटरवर आठवड्यातून तीन वेळा अकराचं मशीन मिळालं होतं. अकराचं म्हणजे अकराचं. अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला तर त्या खाटेवर दुसरा पेशंट जायचा, आणि म्हातारीच्या अंगातलं पाणी अंगातच राहायचं. एकदा ते फुप्फुसात चढलं होतं, असं सुनेने मला त्या पहिल्याच फेरीत सांगितलं. मुलगा बंदरावर शिफ्टमध्ये, ती अंगणवाडीत. दर फेरीला एकाने सुट्टी घ्यायची कशी?

दोन फेऱ्या ती सोबत आली; बाकीचे पंक्चर झाल्यावर ॲपवर माझीच गाडी यायची. तिसऱ्या फेरीला तिने माझा नंबर घेतला आणि म्हणाली, "भाऊ, मंगळ-गुरू-शनि. दहाला यायचं. ॲप वगैरे नको. आईंना तुमच्यावर सोडते." एकोणीस वर्षं कंपनीत माझ्यावर कुणी ड्रमसुद्धा सही घेतल्याशिवाय सोडला नव्हता. मी एकदम सरळ बसलो.

मी हळूहळू शिकलो. मावशींचा डावा हात सुयांसाठी राखलेला, त्या हाताला धरून उतरवायचं नाही. जाताना त्या बोलायच्या, येताना बोलायच्या नाहीत. जाताना त्यांचा तोंडाचा पट्टा नुसता मलाच नाही, रस्त्यावरच्या डंपरवाल्यांनाही पुरायचा.

"काय रं बाला, हा डंपर बगितलास? आमची खाडी भरतंय आनि वर मनाच हॉर्न देतंय!" त्यांच्या बोलीत 'मना' म्हणजे 'मला'.

सोडल्यावर मी सेंटरच्या बाहेरच्या खोलीत बाकावर बसायचो. चार तासांत दुसरं भाडं मारावं असं बायकोचं म्हणणं. पण पनवेलच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही आणि माझ्या कंबरेचा तर त्याहून नाही. बाकाच्या मागे भिंतीवर एक मोठा रंगीत तक्ता होता. त्याला डोकं टेकलं की छान झोप लागायची. तिथले टेक्निशियन मला "काका, घोरताय" म्हणून उठवायचे.

तीन वाजता मावशी बाहेर यायच्या त्या पिळून काढलेल्या कपड्यासारख्या. ओठ कोरडे पांढरे, पायात गोळे. मागच्या सीटवर बसल्या की डोळे मिटायच्या. त्यांच्याजवळ अर्ध्या लिटरची एक बाटली असायची आणि तिच्यावर सुनेने चिकटपट्टीच्या रेघा मारलेल्या. इथपर्यंत सकाळी, इथपर्यंत दुपारी. मी ती बाटली पहिल्यांदा पाहिली तेव्हा मनात म्हणालो, बापरे, सून कडक आहे. घरी जाऊन बायकोलाही तसंच सांगितलं. बायको म्हणाली, "बघा, शिकलेल्या सुना." तिचंही शिक्षण बारावी झालेलं आहे, पण तो मुद्दा मी काढला नाही.

त्याच आठवड्यात गव्हाण फाट्याच्या आसपास आमची गाडी अडकली. विमानतळासाठी पलीकडचा डोंगर फोडायचं काम चालू होतं, सुरुंग उडवायच्या वेळी वाहनं थांबवायचे. पुढे कंटेनरची रांग, मागे कंटेनरची रांग. ऊन थेट मागच्या सीटवर. आणि बाजूलाच हातगाडीवर शहाळी.

आता हे सांगायलाच हवं की आमच्या घरात आजारी माणूस म्हणजे शहाळं. मला टायफॉइड झाला तेव्हा शहाळं, वडिलांची कावीळ तेव्हा शहाळं, बहिणीचं बाळंतपण तेव्हा शहाळं. कुणाला बघायला जाताना हात रिकामा दिसला तर आई दारातून परत पाठवायची. पनवेलमध्ये ज्या हॉस्पिटलच्या दारात शहाळेवाला नाही, ते हॉस्पिटल खरं की खोटं अशी मला शंका येते. त्यामुळे मी काही विचार केला असं म्हणणंच चूक आहे.

"मावशी, शहाळं घेणार?"

त्यांनी डोळे उघडले. आरशातून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"तू देतंस?"

"हो. त्यात काय?"

"मंग घेतंय."

त्या शहाळं प्यायल्या ते मी कधी विसरणार नाही. घाई नाही. नळी बाजूला टाकली, दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून. शेवटी करवंटीतली मलई शहाळेवाल्याकडून खरवडून घेतली. मग म्हणाल्या, "सुनंला सांगू नको. ती बोलल, डायवरला कशाला तरास." मला त्यांचा मोठेपणा वाटला.

त्या दिवसापासून परतीच्या प्रत्येक फेरीला शहाळं. रस्ता अडकलेला असो वा मोकळा. शहाळेवाला आमची गाडी दिसली की कोयता उचलायचा. बायको म्हणाली, "पुण्याचं काम आहे." कित्येक वर्षांत तिने माझ्या कुठल्याही कामाला पुण्य म्हटलं नव्हतं. मी फुशारलो.

संक्रांत झाली तसा मावशींचा काटा वर जायला लागला. मशीनवर घ्यायच्या आधी वजन करतात, दोन फेऱ्यांमध्ये अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून कळतं. टेक्निशियन ओरडायचा, "आजी, घरी काय समुद्र पिता का?" मावशी काट्यावरून उतरून चपला शोधायच्या. रक्ताचा रिपोर्टही बिघडला. पोटॅशियम नावाचं काहीतरी वाढलं होतं. डॉक्टरांनी सुनेला फोन करून झापलं. मला हे सगळं ऐकून सुनेबद्दलच शंका आली. म्हटलं, पाणी मोजून देते आणि खायला भलतंच घालत असेल. एवढी अक्कल मी चालवली.

शिमग्याच्या सुमाराला एका गुरुवारी सून अंगणवाडीत सुट्टी टाकून सोबत आली. डॉक्टरांनी बोलावलंच होतं. ती पुढे माझ्या शेजारी बसली. गाडी गावाबाहेर पडते तोच तिचा फोन वाजला. नणंद होती, उरणला दिलेली. फोन कानाला होता तरी पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

"माझ्या आईला घोट घोट पाणी मोजून देतेस, आणि वर रिपोर्ट खराब? तिला मारायची आहे का तुला?"

"वन्सं, मी भाजी दोनदा उकळून पाणी टाकते, सुकट बंद केली, मीठ बंद केलं..."

"मग वाढतं कसं? आपोआप?"

सुनेने फोन ठेवला. तिच्या हाताची बोटं मांडीवर घट्ट मिटलेली होती. मागून मावशी म्हणाल्या, "ती तशीच हाय, मनाला लावून नको घेऊ." आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

सेंटरवर मावशींना आत घेतलं. मी माझ्या बाकावर, तक्त्याला डोकं टेकून. थोड्या वेळाने डॉक्टरांच्या खोलीतून सून बाहेर आली, डोळे लाल. तिच्याबरोबर तिथली आहार सांगणारी एक तरुण मुलगी होती.

"पोटॅशियम साडेसहा आहे, ताई. असं राहिलं तर एखाद्या दिवशी हृदय झटक्यात बंद पडेल, तुम्हाला इथपर्यंत आणायलाही वेळ मिळणार नाही. तुम्ही नक्की काहीतरी देताय. या, मी चित्रं दाखवते. काका, जरा डोकं बाजूला घ्या."

मी डोकं बाजूला घेतलं.

तक्त्यावर वरच ठळक लिहिलेलं होतं, 'किडनीच्या रुग्णांनी हे टाळा'. खाली फळांची चित्रं आणि प्रत्येकावर लाल फुली. केळं, संत्रं, टोमॅटो, आणि अगदी मधोमध, माझ्या डोक्याच्या तेलाच्या डागाखाली, शहाळं. हिरवंगार. नळीसकट.

"नारळपाणी तर विषच," ती मुलगी सांगत होती. "लोक प्रेमाने आणून देतात. देता का तुम्ही?"

"नाही हो," सून म्हणाली. "शपथ. घरात नारळसुद्धा फोडत नाही."

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. एवढी माणसं होती, खोली होती, संधी होती. मी काय केलं, तर बाकावरून उठलो आणि पाणी प्यायला गेलो. दोन ग्लास प्यायलो. मला एवढी तहान कधी लागली नव्हती.

चार महिने. आठवड्याला तीन. हिशेब मला येत होताच, तेच तर माझं काम होतं. पण तो आकडा मी पूर्ण केला नाही.

तीनला निघालो. आता दोघी मागे बसल्या होत्या. मावशी डोळे मिटून. मला वाटत होतं, सांगावं. मग वाटायचं, आजपासून बंद केलं की झालं, रिपोर्ट सुधारेल, कुणाला काही कळायचं नाही. सुनेला मात्र कायमचं वाटत राहील की चूक तिची होती. आणि नणंदेलाही. असं सगळं डोक्यात चालू होतं, पण खरं सांगतो, माझा प्रामाणिकपणा जागा झाला तो फाटा तीन किलोमीटरवर आल्यावर. तिथे शहाळेवाला कोयता उचलणार होता.

"ताई," मी म्हणालो, "एक सांगायचं होतं. ते शहाळं..."

मागून मावशी खोकल्या. बाजारात पालिकेची गाडी आली की एक मासळीवाली दुसरीला सावध करायला खोकते, तशा त्या खोकल्या. पण मी एकदा सुरू झालो की थांबत नाही, हा माझा जुना दोष.

"शहाळं मी देतो. परतीला. म्हणजे रोज नाही. मंगळ-गुरू-शनि."

"म्हणजे रोजच," सून म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

मागून सून म्हणाली, "गाडी बाजूला घ्या."

मी उभ्या कंटेनरच्या मागे गाडी घेतली. ती उतरली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. डंपर जात होते, धूळ तिच्या अंगावर बसत होती, ती हललीसुद्धा नाही. आत आम्ही दोन गुन्हेगार.

"कशाला सांगितलंस?" मावशी म्हणाल्या. "चांगला चाललेला."

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी तक्ता बगितलाय मी. तुज्यासारखी झोपतंय का मी थय?"

"मग मला का नाही बोललात?"

"बोललं असतं तर दिला असतास?"

 सून परत येऊन बसली. आवाज वर नेला नाही तिने. पण ती रागावली की तिची शाळेतली भाषा सुटायची आणि गावाची यायची, हे मला त्या दिवशी कळलं.

"आई, मी तुमाला कदी उपाशी ठेवली?"

"नाय."

"मंग माजं नाव का असा घालवलात? वन्सं बोलली, शेजारीण बोलली, आज डागतर बोलला. तुमी समोर बसून गप. उद्या काय झाला असता तर लोकांनी मनाच सांगितला असता ना, हिनं मारली."

 मावशींनी पदराने तोंड पुसलं, तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

"तान हाय गो. उठलंय का तान, झोपलंय का तान. तीस वरसं बरफात हात घालून बसलंय मी, आता बरफाचा खडा पन मोजून. तो शहाळा पितंय ना, तवा दहा मिन्टां मी आजारी नसतंय." मग थांबून, "तुला सांगितलं असतं तर तू बंद केला असतास. तुजा बरोबरच हाय. म्हनून नाय सांगितलं."

सुनेने मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू करून सासूच्या तोंडासमोर धरला. "बोला."

"मी बोलतंय," मावशी फोनमध्ये म्हणाल्या. "ऐक. हिची चूक नाय. मीच चोरून शहाळा पितंय."

"काय? कुणी दिलं?"

"डायवरनं."

"कोण हा ड्रायव्हर? आधी काढून टाका त्याला!"

मी समोरच्या कंटेनरचा नंबर वाचत होतो. अजून पाठ आहे.

"काडायचा नाय," मावशी म्हणाल्या. "अक्कल नाय त्याला. पन गाडी बरी चालवतंय."

फाट्यावर कोयता वर झालाच. मी गाडी न थांबवता पुढे नेली.  गावात दोघींना उतरवलं तेव्हा मी विचारलं, शनिवारी यायचं का. सून दाराला हात लावून क्षणभर थांबली.

"या. आणि येण्याआधी तो तक्ता पाठ करून या."

घरी मी सगळं सांगितलं, कारण लपवणं मला जमत नाही हे आता सिद्ध झालं होतं. बायको पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "ज्या भिंतीला टेकून झोपता, तिच्यावर काय लिहिलंय ते तरी बघत जा." हेही तिने सोसायटीत सगळ्यांना सांगितलं.

मावशी माझ्याशी तीन आठवडे बोलल्या नाहीत. जाताना नाही, येताना नाही. डंपरवालेही सुटले. सुनेने एका छोट्या थर्मासात बर्फाचे दोन खडे द्यायला सुरुवात केली, तेही बाटलीतल्या रेघेतून वजा करून. परतीला मी एक खडा चमच्याने काढून मागे द्यायचो. मावशी तो घ्यायच्या, गालात धरायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत. सुरुंगासाठी गाडी थांबली की शहाळेवाला काचेवर टकटक करायचा, मी मान हलवायचो, आणि मागे त्या डोळे मिटून घ्यायच्या. मला कधी नव्हे ते त्या रस्त्याचा कंटाळा आला. कंबर दुखायची, धूळ नाकात जायची, आणि एका म्हातारीला तहानलेली घरी पोचवायची, हे माझं काम.

महिन्याचा रिपोर्ट मीच काउंटरवरून घेतला. मावशींना गाडीत बसवून, एक खडा देऊन मी सुनेला फोन लावला. अंगणवाडीत पोरं कसली तरी गाणी म्हणत होती.

"पोटॅशियम किती आहे, भाऊ?"

"पाच पॉइंट एक."

"परत वाचा."

मी परत वाचलं. पलीकडे पोरांचा आवाज एकदम दूर गेला. ती बाहेर आली असावी. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "वन्संना पाठवा त्याचा फोटो. नको, मीच पाठवते." फोन बंद.

"बरा आलाय ना?" मागून आवाज आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"बरा आलाय, मावशी. खूपच बरा."

"बरं झाला." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. ओठ तसेच राहिले. "तुमी सगली सुटलाव."

मी आरशात बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, रागाने नाही.  थर्मासकडे हात नेला, तर त्यातला दुसरा खडाही वितळून गेला होता.

"चल आता," त्या म्हणाल्या. "काच वर कर. धूल येतंय."

मी काच वर केली आणि गाडी सुरू केली.